रामटेकची टाचणी आणि लिंबावरचे फुलपाखरू

वाचकहो, रामटेकला तुम्ही गेला असाल. नसाल तर कधीतरी जालच. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघावे, मनसरला उजवीकडे वळावे, की थोड्याच वेळात डोंगरावरची देवळे दिसू लागतात. सारे अंतर सुमारे ५० किलोमीटरचे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला तर गावोगावची माणसे इथे लोटतात. गडावर जावे, रामाचे आणि लक्ष्मणाचे दर्शन घ्यावे, हातातला प्रसाद माकडांपासून सांभाळावा, आणि तटावर उभे राहून खाली पाहावे. एकीकडे अंबाळा तलाव, दुसरीकडे खिंडसीचे पाणी, आणि मधे धानाच्या बांध्या. मेघदूतातला यक्ष जिथे राहिला तो रामगिरी हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुराव्यानिशी मांडले. त्या कवीचे स्मारकही या डोंगरावर आहे.

पण आज मी तुम्हांला गडावर नेणार नाही. पायथ्याच्या अंबाळ्याच्या घाटावर नेणार आहे, आणि तिथून एका लिंबाच्या झाडाखाली व एका बांधीच्या धुऱ्यावर. कारण यंदाच्या फेरीत मी देवाइतकेच दोन किड्यांना पाहिले, आणि घरी परतताना काहीतरी शिकून आले.

माझ्या थोरल्या बहिणीचे घर रामटेकजवळच्या एका खेड्यात. गणपती उठल्यावर चार दिवस मी तिच्याकडे गेले होते. पाऊस ओसरला होता, धान पोटरीत येऊ लागले होते. भाचा छोटू पाचवीत. त्याला शाळेला सुट्टी होती, म्हणून सकाळीच त्याला घेऊन अंबाळ्यावर गेले. घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. ऊन पाण्यावर पडले होते. काठाच्या ओल्या मातीवर एक मोठे काळे-पिवळे फुलपाखरू बसून ओल शोषत होते. छोटू दबक्या पावलांनी निघाला आणि झेप घेतली. फुलपाखरू उडाले, छोटूचा पाय चिखलात गेला, आणि काठच्या गवतातून पाच-सात पिवळ्या काड्या उठल्या. हात-दीड हात गेल्या आणि पुन्हा गवतावर बसल्या.

“मावशी, हे काय होतं?”

“टाचणी.”

“टाचणी तं कागदाले लावतात!”

खरेच आहे. पण हिला टाचणी हे नाव शोभते. शरीर सुईसारखे बारीक, लांबी जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर. नर हळदीसारखा पिवळा, छाती हिरवट. मादी मळकट, मातकट रंगाची. आपण जिला सहसा पाहतो ती ही पिवळी टाचणी देशभर तळ्याकाठी, ओढ्याकाठी, धानाच्या बांधीत आढळते. शास्त्रज्ञ तिला सेरियाग्रियन कोरोमँडेलियानम म्हणतात. नाव मोठे नि जीव लहान! नागपूरच्या प्राध्यापक रेमंड अँड्र्यू यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर मध्य भारतातल्या चतुर-टाचण्यांवर २००८ साली एक पुस्तिका लिहिली. म्हणजे आपल्या बांधावरच्या या काडीकडे जाणत्यांचे लक्ष गेलेले आहे. आपलेच गेलेले नाही.

चतुर आणि टाचणी यांत गोंधळ होतो. पोरे ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि शेपटीला दोरा बांधून खेळवतात, तो दांडगा चतुर. तो बसला की पंख विमानासारखे पसरून ठेवतो, आणि त्याचे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात. टाचणी बसली की पंख पाठीवर मिटून घेते. तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, मधे चांगली जागा. एवढे लक्षात ठेवले की चुकायचे नाही.

आता ते फुलपाखरू. तेही तुमच्या ओळखीचे आहे. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल डाग. पंख पसरले तर आठ-दहा सेंटिमीटर भरतात. हे लिंबाचे फुलपाखरू, शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलिअस. याच्याच कुळातल्या, निळ्या झळाळीच्या मोठ्या फुलपाखराला आपल्या राज्याने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याला नीलवंत म्हणतात. फुलपाखरांच्या वाट्याला असे मान येतात, मुलींच्या परकरावर त्यांची चित्रे येतात. टाचणीला कोण विचारतो?

छोटूने मला तेच विचारले. “मावशी, दोघांत चांगलं कोणतं?”

मी चटकन म्हणाले, “फुलपाखरू.” मग म्हटले, जरा पाहू तरी. आम्ही दोघे तासभर तिथेच बसलो. तुम्हीही कधी असे बसून पाहा. त्याला पैसा लागत नाही.

फुलपाखराच्या पंखांना हात लावला की बोटांना भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे कौलांसारखे एकावर एक बसवलेले बारीक खवले. सारा रंग त्यांतच. टाचणीचा पंख मात्र काचेच्या कागदासारखा, आरपार दिसणारा, त्यात शिरांची जाळी. फुलपाखराच्या मिशा लांब आणि टोकाला गाठीच्या. टाचणीच्या मिशा इतक्या तोकड्या की दिसतही नाहीत. तिचा सारा भरवसा डोळ्यांवर. फुलपाखराच्या तोंडी गुंडाळलेली नळी. फुलावर बसले की नळी उलगडते, मध ओढते. चावायला त्याला दातच नाहीत. टाचणीला मात्र धारदार जबडा आहे. पुढे झुकलेल्या सहा काटेरी पायांची ती टोपली करते, चिलटे, मच्छर, तुडतुडे त्या टोपलीत उचलते, गवतावर बसते आणि चावून खाते. त्या पायांनी तिला धड चालता येत नाही. पकडायचे आणि धरून बसायचे, एवढेच त्यांचे काम.

घराणेही पाहू. चतुर-टाचणीच्या कुळाचे पूर्वज सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी या पृथ्वीवर उडत होते. त्यांतल्या एकाचा पंखविस्तार दोन फुटांहून अधिक होता. फुले आणि फुलपाखरे त्यानंतर फार उशिरा आली. म्हणजे कागदाच्या टाचणीएवढी दिसणारी ही आपली पाहुणी या गावची जुनी वतनदार आहे.

तेवढ्यात छोटूने दाखवले. पाण्यावर तरंगणाऱ्या पानाशी दोन टाचण्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. पुढचा पिवळा नर. त्याने शेपटीच्या टोकाने मादीची मान धरलेली. मादीने पानाला धरून शेपूट पाण्यात बुडवले होते आणि पानाच्या गरात एकेक अंडे टोचून घालत होती. नर मात्र तिच्या मानेवर काठीसारखा ताठ उभा, जणू पहारेकरी. दुसरा नर जवळ आला की तो पंख फडकावी. अंडी घालून होईपर्यंत त्याने तिला सोडले नाही.

अंड्यातून निघते ते पिल्लू पाण्यातच वाढते. त्याला पंख नसतात. शेपटाला तीन पानांसारख्या पाकळ्या असतात, त्यांनी ते श्वास घेते. त्याच्या हनुवटीखाली एक हात घडी घालून ठेवलेला असतो म्हणा ना! भक्ष्य जवळ आले की तो हात झटक्यात पुढे येतो आणि धरतो. डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते खाणे. पुष्कळ वेळा कात टाकत ते वाढते. शेवटी एका सकाळी काडीवर चढून पाण्याबाहेर येते, पाठ उकलते आणि आतून टाचणी निघते. मधे कोष नाही, झोप नाही. बारशापासून ते शिकारीच.

आता फुलपाखराची पोरे पाहायला घरी चला.

ताईच्या परसात एक जुने लिंबाचे झाड आहे, आणि त्याच्या शेजारी तिने यंदा आणून लावलेली पाच कलमे. त्या कलमांपाशी ती हिरमुसून उभी होती. कोवळ्या शेंड्यांची पाने नाहीशी, नुसत्या शिरा उरलेल्या. “कोण खाते कळेना. पक्ष्यांची विष्ठा तेवढी दिसते पानांवर.”

मी ती ‘विष्ठा’ काडीने हलवली, तशी ती चालू लागली! ताई किंचाळली आणि छोटू हसत सुटला. वाचकहो, हीच त्या देखण्या फुलपाखराची अळी. लहानपणी ती काळपट-पांढरी, ओलसर दिसते, अगदी चिमणीच्या विष्ठेसारखी. म्हणून पाखरे तिला टाळतात. मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. तिला डिवचले की मानेमागून लालसर, दुभंगलेले शिंग बाहेर काढते, आणि असा उग्र वास सुटतो की हात मागे घ्यावा. छोटूने तीनदा डिवचून तिन्ही वेळा नाक धरले.

फुलपाखराची मादी पानावर बसून पुढच्या पायांनी ते टपटप ठोकते. तिची चव तिच्या पायांत असते. पान लिंबाच्या जातीचे आहे अशी खात्री पटली की एकेक गोल, पिवळसर अंडे ठेवून जाते. लिंबू, संत्रे, मोसंबी, बेल, कढीपत्ता ही तिची घरे. अळी पाने खाऊन चार सेंटिमीटरपर्यंत वाढते, मग फांदीला रेशमाचा कंबरपट्टा बांधून कोष करते. कोषाचा रंग भोवतालाप्रमाणे कधी हिरवा, कधी तपकिरी. त्यातून फुलपाखरू निघते. अंडे, अळी, कोष, फुलपाखरू अशा चार अवस्था, आणि अनुकूल हवेत महिन्याभरात सारा फेरा पुरा. याच चपळाईने हे फुलपाखरू दूरवर पसरले. आशियातले हे पाखरू २००४ साली पार कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात सापडले, आणि तिथले संत्रा-लिंबूवाले चिंतेत पडले.

म्हणजे हिशेब असा झाला. फुलपाखरू स्वतः कोणाचे काही खात नाही, फुलाफुलांवर फिरताना परागही वाहते. पण त्याची पोरे आपल्या झाडावर जेवतात. टाचणी दिसायला काडी, पण ती शिकारी आणि तिची पोरेही शिकारी. दोघे आपल्या तळ्यात आणि बांधीत राबतात. दिसते तसे नसते म्हणतात ते काही खोटे नाही.

ताई म्हणाली, “मग आणू का औषध?”

मी म्हटले, “पाच कलमांना औषध कशाला? हात आहेत की.” आम्ही बसलो आणि अर्ध्या तासात बावीस अळ्या वेचल्या. कलम लहान असते तेव्हाच या अळीची भीती. चार-सहा अळ्या त्याला बोडके करू शकतात. रोपवाटिकेत तर रोज नजर हवी. पण शेजारचे जुने झाड पाहा. त्यावरही अळ्या होत्या, आणि झाड फळांनी लगडले होते. मोठ्या झाडाला काही पाने गेल्याचे दुःख नसते. वेचलेल्या अळ्यांपैकी दहा-बारा छोटूने त्या जुन्या झाडावरच नेऊन सोडल्या. “मले कोषातून निघताना पाहाचं आहे,” म्हणाला. ताईने डोळे वटारले, पण ती काही बोलली नाही.

लिंबाचे भागले, पण खरा पेच दुसऱ्या दिवशी बांधीवर पडला.

भाऊजींची धानाची तीन एकर बांधी आहे. मागल्या वर्षी त्यांना तुडतुड्याने रडवले होते. बांधीत तुडतुडे दिसताच त्यांनी औषध आणून मारले. पंधरा दिवसांनी पुन्हा दिसले, पुन्हा मारले. तिसऱ्यांदा तर दोन औषधे एकत्र कालवली. तरीही दिवाळीच्या तोंडावर बांधीत गोल गोल ठिगळे करपली. उसने घेतलेले पैसे फवारणीत गेले, आणि धान गेले ते वेगळेच. यंदा म्हणून ते आधीच सावध. सकाळी मी पाहते तर पाठीवरचा पंप धुऊन तयार.

मी म्हटले, “भाऊजी, आधी बांधीत पाहू या का?”

“तुम्ही फुलपाखरं पाहून राहिल्या, आम्हाले तुडतुडे पाहा लागते,” ते म्हणाले. रागावले नव्हते, पण आवाजात मागल्या वर्षाची धास्ती होती. ज्याचे पीक गेले आहे त्याला धीर धरा म्हणणे सोपे नसते, हे मलाही कळत होते.

तरी ते थांबले. आम्ही धुऱ्यावरून उतरलो. तपकिरी तुडतुडा पानावर नसतो, चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर असतो. म्हणून चूड वाकवून बुंधा पाहावा लागतो. छोटूने वही घेतली. बांधीच्या चार कोपऱ्यांत आणि मधे मिळून आम्ही वीस चूड पाहिले. कुठे दोन तुडतुडे, कुठे तीन, पुष्कळ ठिकाणी एकही नाही. दर चुडाला ५ ते १० तुडतुडे दिसू लागले की फवारणीचा विचार करावा, असे भात पिकाचे जाणकार सांगतात. आम्ही त्याच्या खालीच होतो.

आणि वाकून पाहताना दुसरेही दिसले. धानाच्या पानांखाली, वारा लागत नाही अशा जागी, टाचण्या हळूहळू फिरत होत्या. पिवळी तर होतीच. पण तिच्याहून बारकी, जेमतेम दोन सेंटिमीटरची एक जातही होती. ती चुडाचुडांमधून सुईने टाके घालावे तशी जात होती. तिच्या तोंडात एक हिरवा तुडतुडा छोटूनेच पाहिला. कोळीही पुष्कळ होते. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९८७ साली भातशेतकऱ्याच्या मित्रांवर एक पुस्तिका काढली, तीत या बारक्या टाचणीला जागा दिली आहे. तिची पाण्यातली पिल्लेसुद्धा भाताच्या काडीवर चढून तुडतुड्यांची पिल्ले शोधतात.

मागल्या वर्षी नेमके काय झाले असावे ते मी भाऊजींना तिथेच सांगितले. तुडतुडा आपली अंडी पानाच्या देठात, आत घालतो. वरून औषध पडले की उघडे तुडतुडे मरतात, टाचण्या आणि कोळीही मरतात. आतली अंडी पुष्कळदा वाचतात. आठवड्याभरात ती उबतात, आणि त्या पिल्लांना खाणारे बांधीत कोणी उरलेले नसते. टाचणीला पुन्हा तळ्याकडून यायचे, अंडी घालायची, पिल्ले पाण्यात वाढायची. तिला वेळ लागतो. तुडतुड्याला तेवढा लागत नाही. आपणच राखण्याला मारून चोराला दार उघडून देतो.

ही एका बांधीची गोष्ट नाही. इंडोनेशियात असेच झाले. फवारण्या वाढत गेल्या तसा तपकिरी तुडतुडा वाढत गेला आणि भाताचे मोठे नुकसान झाले. शेवटी १९८६ साली तिथल्या सरकारने भातावर वापरायच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना बांधीत उतरून किडी ओळखायला, मोजायला शिकवले. भाऊजींनी ते ऐकून घेतले. मग पंप उचलून पडवीत ठेवला. “आठ दिवस पाहतो,” एवढेच म्हणाले.

मी खोटे सांगणार नाही. आठ दिवसांनी छोटूने फोनवर वहीतले आकडे वाचून दाखवले, तेव्हा दोन बांध्या ठीक होत्या, पण सखल कोपऱ्यातल्या तिसरीत चुडाला बारा-बारा तुडतुडे झाले होते. भाऊजींनी आधी तिथले पाणी काढले, आणि मग फक्त त्याच बांधीत, फक्त बुंध्याशी एकदा फवारले. कडेला एक खोलगट खड्डा पाण्याने भरलेला राहू दिला, म्हणजे टाचणीची पिल्ले तिथे तगतील. यंदा तीन फवारण्यांच्या जागी एका कोपऱ्यात एक झाली. धान घरी आल्यावरच खरा हिशेब कळेल. पण तीन एकरांचे औषध अजून दुकानातच आहे, आणि पैसे ताईच्या डब्यात.

टाचणी काही आपली चाकर नाही, हेही लक्षात ठेवा. तिला शत्रुकीड आणि मित्रकीड असा भेद कळत नाही. समोर आलेले, तोंडात मावणारे ते खाते. ती एकटी तुडतुडा आवरू शकत नाही. कोळी, भक्षक ढेकूण, बेडूक, पाखरे सारे मिळून आवरतात. आणि फुलपाखरूही वैरी नाही. कलमांवरून अळी वेचा, मोठ्या झाडावर तिला तिचा वाटा खाऊ द्या. त्या अळ्यांवरही पाखरे आणि गांधिलमाश्या जगतात, आणि परसात फुलपाखरू भिरभिरले तर लेकरांचा जीव रमतो, त्याचे मोल कुठल्या तराजूत करायचे?

निघायच्या दिवशी पुन्हा अंबाळ्यावर गेलो. छोटू पायरीवर बसला आणि गवताकडे बोट करून म्हणाला, “मावशी, तू त्या दिवशी चुकीचं सांगितलं. चांगलं कोणतं ते घर पाहून सांगा लागते. लिंबावर पाहिलं तं वेगळं, बांधीत पाहिलं तं वेगळं.”

आता याला काय उत्तर द्यायचे! मी त्याला रामटेकच्या बाजारातून शेव-चिवडा घेऊन दिला.

तेव्हा वाचकहो, रामटेकला गेलात की गडावर जरूर जा. उतरताना घडीभर अंबाळ्याच्या पायरीवर बसा. गवतात पिवळी काडी उडाली तर तिला ओळख द्या. आणि घरी गेल्यावर पंप पाठीला लावण्याआधी एकदा बांधीत उतरा, वीस चूड वाकवून पाहा. घरातल्या शाळकरी पोराला वही घेऊन सोबत न्या. त्याचे डोळे आपल्याहून बारीक असतात.